मूळ खंडाशी नातं: कोकणातले सिद्दी आणि आफ्रिका

खाडीकाठ
जंजिऱ्याचं संस्थान १९४८ साली विलीन झालं. मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे त्याचे तीन महाल. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे इथले वंशज. या पट्ट्यातली सिद्दी घरं असोत, गुजरातेत रतनपूर-जांबूरची असोत की कारवारच्या वर यल्लापूर-हल्याळच्या जंगलातली, नव्या पिढीच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: "आम्ही मूळचे आफ्रिकेचे." ते मनापासून म्हटलेलं असतं. पण पुढचा प्रश्न आला, आफ्रिकेत कुठले, की बोलणं थांबतं.

दापोलीचा माणूस जगात कुठेही गेला तरी "मी आशियाचा" म्हणत नाही. तो दापोलीचा असतो, फार तर कोकणातला. मग सिद्दी मुलीने अख्ख्या खंडाचं नाव का घ्यावं? तिचं नातं खरं आहे याबद्दल मला शंका नाही. मला एवढंच विचारायचं आहे की ते नातं बंदर, भाषा, वाद्य, झाड अशा हाताला लागणाऱ्या गोष्टींपर्यंत आणायचं तर काय करावं लागतं, आणि कुठे फसगत होते. जाणकारांनी तपशिलात लिहावं. "भावना महत्त्वाची" एवढंच लिहायचं असेल तर ते मला आधीच मान्य आहे.

मोडी_वाचक
कागदांपासून सुरुवात करतो. पहिली चूक शोधशब्दात होते. मराठी दफ्तरांत "सिद्दी" असं जोडाक्षर शोधत बसाल तर निम्मे कागद निसटतील. "सिदी" शोधा, "हबशी" शोधा, आणि मुख्य म्हणजे "शामल" शोधा. जंजिरेकरांना मराठी पत्रांत शामल म्हणतात आणि त्यांच्या मुलखाला हबसाण. जागेसाठी "दंडाराजपुरी" हे नाव पाहा.

दुसरी चूक अर्थात होते. "हबशी" हा शब्द अरबी "हबश"वरून आला. हबश म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया आणि आसपासचा भाग. मलिक अंबर खरोखर तिकडचा होता. लहानपणी विकला गेला, मोखा-बगदाद करत दख्खनेत आला, १६२६ मध्ये वारला. त्याचं बालपणीचं नाव चापू होतं हे आपल्याला कळतं ते केवळ तो एवढा मोठा झाला म्हणून. पण पुढे पुढे हबशी हा शब्द आफ्रिकेतून आलेल्या कुणालाही सरसकट लागला. मोझांबिकच्या आतल्या मुलखातून आणलेला माणूसही इथे हबशीच. "सिद्दी"ही मूळ गावाचं नाव नाही. तो "सय्यिदी" या मानाच्या अरबी संबोधनावरून आला असं मानतात. म्हणजे दोन्ही नावं वाटेत किंवा इथे आल्यावर मिळालेली. त्यावरून गाव शोधणं म्हणजे पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघून पत्र लिहिणाऱ्याचं घर सांगणं.

आणखी एक. शामलाचे कागद लढाया, किल्ले आणि वसुलीचे आहेत. १७३६ च्या एप्रिलात रेवसजवळ चरईच्या लढाईत सिद्दींचा सरदार सिदी सात पडला, हे तारखेसकट मिळतं. त्याच्या गलबतावर वल्हं मारणाऱ्याचं नाव मिळत नाही.

कोंडुरा
मोडीवाल्यानू, बरां सांगितलांत. पोस्टाच्या शिक्क्याचां ध्यानात ऱ्हवतला.

पाणकोळी
बंदराचा अंदाज वाऱ्यावरून बांधता येतो, म्हणून थोडं समुद्राबद्दल. शिडाच्या काळात इकडून आफ्रिकेला जायचं तर मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत ईशान्येचा वारा धरायचा. तिकडून इकडे यायचं तर नैर्ऋत्येचा. पण भर जून-जुलैत या किनाऱ्यावर कुणी गलबत आणत नाही. त्यामुळे येण्याच्या दोन खिडक्या उरतात: एप्रिल-मे, पाऊस फुटायच्या आत, किंवा श्रावण सरताना, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. नारळी पौर्णिमेला दर्या उघडतो म्हणतो तो हाच हिशेब.

मोंबासा ते आपला किनारा सुमारे अडीच हजार सागरी मैल. झांझिबार, किलवा, मोंबासा इथून सुटलेलं गलबत सरळ आलंच पाहिजे असं नाही. बरीचशी एडन, मोखा, मस्कत करत येत. म्हणून एखाद्या घरात "आम्ही मस्कतहून आलो" किंवा "अरबस्तानातून आलो" अशी आठवण असेल तर ती खोटी ठरवू नका. ती प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याची आठवण असू शकते. पोर्तुगीज जहाजांचा मार्ग वेगळा: मोझांबिक बेटावरून थेट गोवा, दमण, दीव. गोव्याच्या बाजूने घाटावर पळून गेलेल्या सिद्दींमध्ये कोकणी भाषा टिकली आहे. ती कोकणी हीच त्यांच्या वाटेची खूण.

रानकेवडा
मग डीएनए चाचणी करून टाकावी की सरळ. थुंकी पाठवा, देश कळेल.

पेशीकेंद्र
@रानकेवडा, एवढं सोपं नाही. पण निरुपयोगीही नाही.

भारतातल्या सिद्दींवर २०११ मध्ये एक मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुजरात आणि कर्नाटकातले नमुने होते. निष्कर्ष असे: आफ्रिकी वाटा साधारण ६० ते ७५ टक्के, उरलेला मुख्यतः भारतीय, मिसळण सुमारे २०० वर्षांपूर्वी, म्हणजे आठेक पिढ्यांमागे सुरू झाली, आणि आफ्रिकी वाट्याचं जवळचं साम्य बांटू भाषा बोलणाऱ्या समाजांशी. इथिओपियाशी नव्हे, हे लक्षात घ्या. जंजिऱ्याच्या राजघराण्याची परंपरा अॅबिसिनियाची सांगितली जाते, पण तेवढ्यावरून सगळ्या सिद्दींना इथिओपियाचं म्हणता येत नाही.

घरगुती चाचणीत चुका कुठे होतात ते सांगतो. आठ पिढ्या मागे गेलं की २५६ पूर्वज होतात. आईकडून येणारी मायटोकाँड्रियाची रेषा त्यातल्या एका बाईची, आणि बापाकडून मुलग्यांनाच मिळणारी वाय रेषा एका पुरुषाची. उरलेल्या २५४ जणांबद्दल त्या दोन रेषा काहीच सांगत नाहीत. मायटोकाँड्रियाचा गट "एल"पैकी निघाला तर ती आजी आफ्रिकेतली, एवढं खात्रीने धरता येतं. वाय "ई१बी१ए" निघाला तर बांटू भाषिकांच्या विस्ताराशी नातं लागतं. पण बांटू भाषांचा पट्टा कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आहे. त्यावरून देश ठरत नाही.

रानकेवडा
आणि "केनिया ४० टक्के" असं लिहून आलं तर?

पेशीकेंद्र
तर त्याचा अर्थ "आमच्याकडच्या संदर्भ नमुन्यांत केनियाचा नमुना तुमच्याशी सर्वात जवळचा आहे" एवढाच. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या खुल्या जनुकीय संग्रहात पूर्व आफ्रिकेतून केनियातल्या वेबुये इथले लुह्या लोक आहेत. मोझांबिकच्या मकुआ किंवा याओ लोकांचे नमुने ज्या संग्रहात नाहीत, तिथे त्यांचं उत्तरही केनियाकडे सरकतं. म्हणून तीन गोष्टी करा. मूळ माहितीची फाईल उतरवून जपून ठेवा, कारण संदर्भ वाढले की तीच फाईल पुन्हा तपासता येते. घरातल्या सर्वात वयस्क माणसाची चाचणी आधी करा, त्यांच्यात एक-दोन पिढ्यांची माहिती जास्त असते. आणि टक्केवारीपेक्षा जुळणाऱ्या नातलगांची यादी वाचा. मोझांबिक किंवा टांझानियातला एक दूरचा चुलतभाऊ जुळला तर तो दहा नकाशांपेक्षा मोलाचा.

हर्णैकर
खाडीकाठ, तुमच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. "मी आशियाचा" असं दापोलीकर म्हणत नाही, कारण त्याच्याकडे दापोली आहे. गावचं ग्रामदैवत आहे, भाऊबंद आहेत, सातबाऱ्यावर आज्याचं नाव आहे. ज्या माणसाला आतल्या मुलखातून पकडून किनाऱ्यावर आणलं, बंदरात विकलं, वाटेत नाव बदललं, धर्म बदलला आणि वेगळ्या भाषेच्या माणसांबरोबर गलबतात कोंबलं, त्याचा पत्ता एकेक पायरीने पुसला गेला. आधी वाडी गेली, मग गाव, मग जमात, मग भाषा. कुणालाच पुसता आला नाही असा शेवटचा तुकडा म्हणजे खंड. तो चेहऱ्यावर आणि केसांत राहिला. सिद्दी मुलगी आफ्रिका म्हणते तेव्हा तिला भूगोल येत नाही असं नाही. तिच्याकडे जेवढा पत्ता उरला आहे तेवढा ती पूर्ण सांगते.

खाडीकाठ
हर्णैकर, हे मान्य. दापोलीची तुलना मी मागे घेतो. पण मग पुसलेल्या पायऱ्या उलट्या क्रमाने भरता येतात का, हा प्रश्न उरतोच.

रतांबा
थोडं अवांतर, पण हर्णैकरांच्या मुद्द्याची दुसरी बाजू त्यात दिसते. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांची गोष्ट. १८३४ पासून तिथे गेलेल्यांची नोंद सरकारने केली, आणि ते कागद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. माणसागणिक क्रमांक, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, परगणा, गाव. पुढच्या काळात फोटोसुद्धा.

तिकडची माणसं इथे मूळ शोधायला येतात तेव्हा अडतात ती स्पेलिंगवर. गोऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं. "सेव्हर्नद्रुग" म्हणजे सुवर्णदुर्ग, आजची दापोलीकडची बाजू. "उंजनवेल" म्हणजे अंजनवेल, गुहागर-चिपळूणकडची. "विझियाद्रुग" म्हणजे विजयदुर्ग. आजच्या तालुक्यांच्या यादीत ही नावं सापडणारच नाहीत. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्यामुळे मालवणचा माणूसही कागदावर रत्नागिरीचा. सावंतवाडी तर वेगळं संस्थान. आणि आडनाव म्हणून जे लिहिलंय ते बहुतेकदा बापाचं पहिलं नाव असतं. त्या "आडनावाने" गावात विचारत फिरलात तर कुणीच ओळखणार नाही. गाव कळलं की आधी गावकऱ्यांकडे आणि देवळाच्या मानकऱ्यांकडे जा, कुळाचं देवक विचारा, मग तहसीलमधल्या जुन्या फेरफारांकडे वळा. उलट क्रमाने गेलात तर महिने जातील.

म्हणून मॉरिशसचा मराठी माणूस रत्नागिरी म्हणतो, आशिया म्हणत नाही. ओढ दोघांचीही तेवढीच. फरक कागदाचा आहे.

शरणपूर
परत जाण्याचा प्रश्न कुणी काढला नाही म्हणून लिहितो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नौदलाने गुलामांची गलबतं पकडली, सुटका केलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना नाशिकजवळ शरणपूरच्या मिशन शाळेत ठेवलं. जेकब वेनराइट हा याओ मुलगा त्यांतलाच. १८७३ मध्ये मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या तांड्यात वेनराइट आणि नाशिकचे इतर विद्यार्थी होते.

१८७४-७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही वसाहत झाली, तिथे यांच्यातले अनेक जण नेले गेले. म्हणजे खंडात परतले. पण आपापल्या गावी नाही. आणि तिथे त्यांना नाव काय पडलं? "बॉम्बे आफ्रिकन". इथे हबशी, तिथे मुंबईचे. ज्या बंदरातून आले त्याचंच नाव पुन्हा चिकटलं. मोडी_वाचक म्हणतात तो पोस्टाचा शिक्का दोन्ही बाजूंनी बसला.

हर्णैकर
हे वाचून गलबलायला झालं. धन्यवाद.

धावदोरा
वस्तूंकडे येऊ. उत्तर कन्नडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. आपल्या गोधडीचीच बहीण, पण शिवण्याची रीत वेगळी. जुन्या लुगड्याचं अस्तर अंथरायचं, एका कोपऱ्यापासून कापडाचे तुकडे लावत कडेकडेने जायचं, आणि चारी बाजू फिरत मध्याकडे यायचं. टाका साधा धावदोरा, पण तुकडा, थर आणि अस्तर एकदमच शिवलं जातं. आधी तुकडे जोडून वरचा पदर करायचा आणि मग टाचायचा, असं नाही. तुकड्याची कड नखाने आत दुमडत जायचं. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी कापडांचं "फूल" लागतं. फुलाशिवाय कवंदी उघडी मानतात.

नवखे शिवणारे दोन ठिकाणी चुकतात. दोरा फार ओढतात, मग मध्याशी पोचेपर्यंत कडा आत येऊन गोधडी वाटीसारखी होते. आणि सुती तुकड्यात पॉलिस्टर मिसळतात, मग पहिल्या धुण्यात सुती आटतं आणि दुसरं फुगतं.

रानकेवडा
ही रीत आफ्रिकेतून आली का?

धावदोरा
तसं ठामपणे म्हणू नये. दख्खनेत आणि कोकणात गोधडी, वाकळ घरोघरी आहे. कापड, दोरा, गरज, सगळं इथलं. सिद्दी बायकांनी त्याला स्वतःची रीत दिली आणि ती रीत त्यांची आहे. ते पुरेसं आहे. दिसेल त्या गोष्टीवर आफ्रिकेचा छाप मारला की खऱ्या खुणांचीही किंमत कमी होते.

घुमटवाला
खरी खूण हवी तर "गोमा". गुजरातच्या सिद्दींच्या नाचाचं हे नाव, आणि स्वाहिलीत "ङोमा" म्हणजे ढोल, तसंच ढोलावरचा नाच. अर्थ आणि उच्चार दोन्ही जुळतात, आणि स्वाहिली ही नेमकी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याची भाषा. अशा जोडीला पुरावा म्हणावं.

दुसरी खूण मलुंगा. सिद्दींचं धनुष्यासारखं एकतारी वाद्य. बांबू किंवा लवचीक लाकडाची कांब, साधारण चार-साडेचार फूट, तिला ताणलेली तार, आणि खालच्या तिसऱ्या हिश्शात वाळवलेल्या कडू भोपळ्याची वाटी. वाटी बांधणाऱ्या दोरीनेच तारेचे दोन भाग पडतात, त्यामुळे दोन सूर मिळतात. काडीने तार छेडायची आणि भोपळ्याचं तोंड पोटाला लावत-सोडत आवाज बंद-उघडा करायचा. आफ्रिकेत आणि तिथून ब्राझीलला गेलेल्यांत याची भावंडं आहेत.

कोकणात करायचा तर भोपळा वेलीवरच पूर्ण वाळू द्या, देठ तपकिरी होईपर्यंत. हिरवा काढलात तर आतून कुजतो. तोंड कापल्यावर गर खरवडून, राख चोळून, आठवडाभर सावलीत ठेवा. पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून आतून-बाहेरून तेलाचा हात द्या आणि चुलीवरच्या माळ्यावर टांगा. तार वाजवून झाली की उतरवून ठेवायची. ताणलेली ठेवलीत तर आषाढात दमट कांब वाकलेलीच राहते आणि सूर बसतो.

कोर्लई_पायथा
भाषेचं निघालं म्हणून सांगतो. मुरुडपासून थोड्याच अंतरावर कोर्लईत पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली अजून बोलली जाते. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, तरी बोली राहिली. याच किनाऱ्यावर आफ्रिकी भाषा मात्र राहिल्या नाहीत. फरक असा की कोर्लईची वस्ती एका गावात, एका चर्चभोवती, आपापसात लग्नं करत एकत्र राहिली. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना आपल्या भाषेचं माणूस शेजारी मिळालंच नाही. भाषा जगवायला किमान एक आळी लागते.

खाडीकाठ
म्हणजे भाषा गेली, पण सुटे शब्द गाण्यांत राहिले असू शकतात. ते गोळा करायचे तर पद्धत काय?

घुमटवाला
आधी फक्त ध्वनिमुद्रण. अर्थ विचारू नका. अर्थ विचारला की गाणारा माणूस शब्द ओळखीच्या शब्दाकडे ओढतो, आणि मग मूळ उच्चार हाताला लागत नाही. तेच गाणं दोन वेगळ्या माणसांकडून, वेगळ्या दिवशी घ्या. मग देवनागरीत लिहा, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. शब्दाच्या सुरुवातीचे अनुनासिक सोडू नका: म्ब, न्ड, ङ. मराठी कान ते गाळतो, आणि बांटू शब्दांत तीच ओळख असते. शेवटी स्वाहिली आणि मकुआ जाणणाऱ्यांना नुसता आवाज ऐकवा, तुमचा अंदाज न सांगता. एका शब्दावर दोघांचं स्वतंत्रपणे एकमत झालं तर लिहून ठेवा. नाही तर "अर्थ लागला नाही" असंच लिहा.

गोरखचिंच
झाड राहिलं. आफ्रिकेचं बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. वसईच्या किल्ल्यात आहे, मुंबईच्या राणीबागेत आहे, कर्नाटकात सावनूरची प्रचंड झाडं प्रसिद्ध आहेत. जनुकीय तपासणीत भारतातल्या झाडांचं नातं मुख्यतः पूर्व आफ्रिकेच्या किनारी झाडांशी लागलं, आणि ती एकदाच नाही, वेगवेगळ्या वेळी आली असं दिसलं. ही झाडं माणसांच्याच वाटेने आलेली आहेत.

लावायची रीत: बियांचं कवच कठीण असतं. एका बाजूने कानशीने पांढरं दिसेपर्यंत घासा, किंवा उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून दिवसभर तसंच राहू द्या. दोन भाग जाड रेती, एक भाग माती, दोन-तीन सेंटीमीटर खोल. मार्चमध्ये पेरा. दोन ते चार आठवड्यांत उगवतं. पहिली पानं साधी, अखंड असतात. पाच-सात बोटांची पानं नंतर येतात. "हे दुसरंच काहीतरी उगवलं" म्हणून लोक रोप उपटतात, ते करू नका. पांढऱ्या सावरीशीही घोटाळा होतो. सावरीच्या कोवळ्या खोडावर काटे असतात, गोरखचिंचेला नसतात.

कोकणात रोप मरतं ते पावसाने. पहिले दोन पावसाळे छपराखाली ठेवा, बुडाशी पाणी अजिबात साठू देऊ नका, मूळ कुजतं. हिवाळ्यात पानं गळली की मेलं समजून पाणी वाढवू नका. त्या काळात पाणी जवळजवळ बंदच.

खाडीकाठ
राजपुरीच्या बाजूला, समुद्राकडे तोंड असलेल्या वरकस जमिनीत चालेल?

गोरखचिंच
वारा चालेल, तिकडच्या किनाऱ्यावर ती अशीच वाढतात. उतारावर लावा, भरतीचं पाणी मुळाशी येणार नाही एवढ्या उंचीवर. जांभा वर आला असेल तर तीन फूट खोल, तीन फूट रुंद खड्डा पहारीने फोडून तळाशी फट काढा, नाही तर खड्ड्याची विहीर होते. सोटमूळ लांब असतं, म्हणून पिशवी उंच घ्या आणि लावताना मूळ दुमडू देऊ नका. घर, विहीर, वीजतार यांपासून निदान पन्नास फूट लांब. आणि गुरं साल सोलतात, तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं कुंपण हवंच.

हर्णैकर
खड्डा काढायला माणसं लागतील तेव्हा इथे लिहा. हर्णैहून येता येईल.